कुपनांच्या खिडकीतून

तांडापेठेच्या मैदानावर तीन रात्री कला महोत्सव झाला
आणि मी मंच पाहिलाच नाही.
माझी खुर्ची मंचाकडे पाठ करून,
पुढ्यात चिल्लरसाठी बिस्किटांचा डबा,
पिवळं कुपन वीसचं, गुलाबी पन्नासचं,
पोपटी कलावंतांचं, फुकट,
पण मागे मंडळाचा शिक्का हवा.

खेळ कुठवर आला ते मला
लोक काय मागतात त्यावरून कळायचं.
सोंगाड्या रंगात आला की आलुबोंडे संपत.
कोणी मेलं की नुसता चहा.
पहिल्या रात्री गाणाऱ्या बाईंचा आवाज
वरच्या सुराला चिरकला, मग थांबला,
तेव्हा पुंडलिक हेडाऊनं पळी वाजू नये म्हणून
तर्रीच्या गंजात तशीच धरून ठेवली,
मनगटाला वाफ लागेस्तोवर.
बाईंनी पुन्हा सूर धरला. पळी हलली.

त्याची तर्री काळसर लाल,
चणे तळाशी,
विहिरीत पडलेल्या बादलीसारखे शोधावे लागतात.
"जास्त टाक ना बे," तबलेवाला म्हणाला.
"टाकतो. मंग तबला नाही,
दुसरंच काही वाजंन."

संत्र्याच्या रसाकडे मात्र कोणी फिरकलं नाही.
पाहुण्यांना शोभून दिसावं म्हणून समितीनं लावलेला ठेला,
जानेवारीची रात्र, कानाला मफलर,
रसवाला पोरगा शेवटी
हेडाऊच्याच शेकोटीशी जाऊन बसला
आणि सोललेल्या साली एकेक करून आत टाकू लागला.
थोडा वेळ सगळ्या मैदानाला
त्याच्या ठेल्याचा वास आला.

सातव्या नंबरला शालिनी निखारे.
उलटा माठ, खाली लाकडं,
पीठ इतकं सैल की ओतावं,
ती ते तळव्यावरून कोपरापर्यंत नेते,
एका हातावरून दुसऱ्या हातावर,
आणि आता फाटेल, आता फाटेल म्हणताना
माठावर अलगद पसरते लांब रोटी.
तिच्या हातांवर केस नाहीत. चटक्यांचे ठिपके आहेत.
"सासरे मागावर नऊवारी काढायचे," ती म्हणाली,
"मी हे काढते.
किनार तेवढी नाही जमत."

तिसऱ्या रात्री, दंडारीचा पहिला अंक सुटला तेव्हा
खिडकीत एक राणी आली.
जरीचं लुगडं, नथ, हनुवटीवर निळसर खुंट.
पंधरा जणांच्या मंडळीला बाराच पोपटी कुपनं मिळाली होती.
"मी तुळशीराम," राणी म्हणाली,
"मले मेल्यावर जेवाले बलावतात, बाई.
तवर काही उरत नाही."
शिक्का माझ्याकडे नव्हता.
मी एक गुलाबी फाडलं.

तो पालथ्या क्रेटवर बसला,
पदर मांडीत खोचून,
रोटीचा मोठा तुकडा सावजी रश्शात बुडवून.
पहिल्या घासाला थांबला.
दुसऱ्याला नाक वाहिलं.
तिसऱ्याला डोळे,
आणि काजळ गालावरून थेट नथीपर्यंत उतरलं.
"पाणी देऊ?" शालिनीनं विचारलं.
"नको," तो म्हणाला, "बरं वाटून राह्यलं."
तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं.
तोंड न पुसताच पळाला. लुगडं गुडघ्यापर्यंत धरून.

पुढचं मला दिसलं नाही.
झांजा थांबल्या, ढोलकी थांबली.
हजारेक माणसं होती मैदानात,
आणि मला माठाखाली लाकूड तडकल्याचं ऐकू आलं.
शालिनी माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे.
आम्हा दोघींनाच ठाऊक होतं
त्या रश्शात किती मिरे होते.
की आम्हालाही नव्हतं?

मग लोक उठले,
कोणी कोणाशी बोलेना,
आणि दहा मिनिटांत
चहाची कुपनं संपली.

हिशेबात पन्नास रुपये कमी आले.
वहीत लिहिलं: राणी, एक प्लेट.
खजिनदार बारापात्रेंनी ओळ दोनदा वाचली,
चष्मा कपाळावर सारला,
आणि समोर बरोबरची खूण केली.