बेड्या काढण्याची मजुरी

हार्टफर्डच्या तुरुंगरक्षकाने कागद पुढे केला.
तेवीस आठवड्यांचं जेवण.
गवताची गादी, एक घोंगडी.
लोहाराची मजुरी, बेड्या घालण्याची.
लोहाराची मजुरी, बेड्या काढण्याची.
बाई सुटली तरी बाकी सुटत नाही, म्हणाला,
आणि शाईत बुडवलेली लेखणी माझ्या हातात दिली.

मी पिंपं बांधणारा माणूस.
लोखंडाचं कडं किती ठोकलं की फळ्या गळायच्या थांबतात,
एवढं कळतं मला.
तांबडी कालवड दिली. ओकच्या फळ्यांची रास दिली.
उरलेलं मक्यात फेडायचं ठरलं, सुगीनंतर.

मेहिटेबल बाहेर उन्हात उभी होती
डोळ्यांवर आडवा हात धरून.
घर पाच मैल. सगळा चिखल.
मी पुढे, ती मागे.
ओढा ओलांडला तेव्हा ती पुढे झाली
आणि मला तिचे घोटे दिसले.

कोर्टात मी फार काही बोललो नव्हतो.
टॅबिथाचं पोर तापात गेलं, तेव्हापासून
गावात जो तो काहीबाही आठवून सांगत होता.
मला विचारलं, घरात कधी काही वेगळं?
म्हटलं, रात्री उठून बसते.
म्हटलं, अंधारात कुणाशी तरी बोलते.

कुणाशी, ते मला ठाऊक होतं.
कुंपणाशी दोन बाळं पुरलीत आम्ही.
एकाचं नाव लेम्युएल.
दुसऱ्याला नाव ठेवण्याइतकाही वेळ मिळाला नाही.
हे मी सांगितलं नाही.
पुढे कुणी विचारलं नाही,
आणि खोलीत माणसं फार होती.

टॅबिथाने नेलेली काथवट पायरीवर पालथी ठेवलेली.
घासून, पुसून.
मेहिटेबलने ती उचलली, नखाने कड खरवडून पाहिली,
आत नेली.
कलथा भलत्याच खिळ्यावर होता, तो जागेवर टांगला.
विस्तव फुंकला.
मला वाढलं. स्वतः उभ्यानेच खाल्लं.

रात्री ती उठून बसली.
पूर्वीसारखीच, गुडघे पोटाशी घेऊन.
मी वाट पाहत पडून राहिलो.
ती काही बोलेना.
बराच वेळ.

मग मीच म्हटलं, लेम्युएल.
आज थंडी आहे रे, लेम्युएल.

तिचा हात अंधारातून आला
आणि माझ्या तोंडावर घट्ट बसला.
हळू, म्हणाली.
कुणी ऐकेल.