जटापाठ

हॅलिफॅक्सच्या बंद पडलेल्या गालिच्यांच्या गिरणीत,
दुसऱ्या मजल्यावर, शनिवारी दहा ते बारा
आमचा वर्ग भरतो.
खालच्या मजल्यावर ट्रॅम्पोलीन. त्यांची धपधप
आमच्या अनुदात्तात मिसळते.
अकरा मुलं, एक हीटर,
भिंतीवर इथल्या बालवाडीचा भावनांचा तक्ता:
हसरा चेहरा, रडका, लालबुंद रागीट.
मी तो काढत नाही.
आल्यावर आधी त्यावर बोट ठेवायचं,
मग डोळे मिटून श्वास मोजायचा,
मग पाठ.

कृत्तिका दर वेळी त्याच चेहऱ्यावर बोट ठेवते
ज्याला तोंड काढायचं राहून गेलंय.

नऊ वर्षांची. भाकरी तव्याला चिकटावी
तसा 'क' तिच्या टाळूला चिकटतो.
तिच्या शाळेतल्या स्पीच थेरपिस्ट, मिसेस ग्रीनवूड,
भल्या बाई. त्यांची चिठ्ठी आली:
घाई नको. तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका.
डोळ्यांत बघा, थांबा.

माझे वडील थांबायचे नाहीत.
पुणतांब्याला ओसरीवर मुलगे संथा म्हणायचे,
चुकलं की मांडीवर छडी.
मी माजघरात तांदूळ निवडत,
दाराआडची फुकटची विद्यार्थिनी.
एकदा एक मुलगा अडला
आणि पुढचं पद माझ्याच तोंडून निसटलं.
सगळं गप्प.
वडील काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी दार
दोन बोटं जास्त उघडं होतं.
एवढंच. त्याहून जास्त ते कधी उघडलं नाही.

त्या फटीतून जेवढं आलं तेवढं घेऊन
मी इथे आठवडाभर इस्पितळात रक्त तपासते
आणि शनिवारी मुलांना सांगते,
पाठाची एक तऱ्हा आहे, जटा.
दोन शब्द सुलटे, तेच उलटे, तेच पुन्हा सुलटे.
वेणीसारखे. मग एकही सुटत नाही.

"म्हणजे परत म्हणणं चूक नाही?"
हे विचारायला कृत्तिकाला पाऊण मिनिट लागलं असेल.
मी घड्याळ बघितलं नाही.
नाही गं. इथे परत म्हणणं हाच नियम.

तिने आमच्याकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड.
मांडीवर हाताने ताल.

माझं नाव
नाव माझं
माझं नाव
नाव क

खालची धपधप थांबली, की मलाच तसं वाटलं

नाव कृत्तिका
कृत्तिका नाव
नाव कृत्तिका

"आता माझी वेणी घाल," ओवेन गोडबोले म्हणाला.
तिने घातली. मग सगळ्यांचीच.
बारा वाजून गेले, पालक जिन्यात खोळंबले,
शांतिपाठ राहिला.

सोमवारी शाळेत हजेरीला ती अडलीच.
मिसेस ग्रीनवूडनी लिहिलंय:
अडली, पण या वेळी एक शब्द मागे गेली
आणि तिथून पुढे आली.
हे तिला कुणी शिकवलं?

मी उत्तर लिहायला बसले.
माझ्या वडिलांनी, असं लिहिलं.
खोडलं.
पुन्हा लिहिलं.