डीपी

गंगाखेड रोडच्या ट्रान्सफॉर्मरखाली सापडला म्हणून डीपी.
गल्लीतली पोरं हसतात,
काका, बदला की डीपी, लई दिवस झाले.
चंद्रकला तेव्हा म्हणाली होती, मोती ठेवा.
पण आमच्या परभणीत मोती म्हणजे ज्वारीचं वाण,
हाक मारली असती तर
अख्ख्या शिवारानं मान वर केली असती.

तेव्हा ओंजळीत मावायचा.
आता मागच्या पायांवर उभा राहिला
की थेट माझ्या कानात श्वास सोडतो.
श्वासाला ताकाचा, शिळ्या भाकरीचा
आणि कुठल्याशा सरड्याचा वास.

पहाटे साडेचारला निघतो आम्ही.
चैत्रात याहून उशीर चालत नाही,
आठला डांबराचा तवा होतो
आणि त्याच्या पायात काही वहाणा नाहीत.
दोन साखळ्या तोडल्यावर
मी माझा खांबावर चढायचा जुना पट्टा काढला.
बावीस वर्षं ज्यानं मला हवेत धरलं
तो आता याला जमिनीवर धरतो.
धरतो म्हणजे काय,
उजव्या हाताची दोन बोटं अकरा केव्हीनं नेली,
उरलेल्या तिघांचं आपसात पटत नाही.

विद्यापीठाच्या रस्त्याला
ज्वारी निघालेले प्लॉट, नुसत्या पाट्या उभ्या.
एक टिटवी ओरडते
आणि डीपी सुटतो.
म्हणजे आम्ही दोघंही सुटतो.
पांढऱ्या बुटातले रिटायर्ड प्राध्यापक
बांधावर चढून ओरडतात, धरा हो, धरा!
धरलंय की सर, मी म्हणतो
आणि त्यांच्यासमोरून निघून जातो.
दूधवाला सायकल थांबवून विचारतो,
लाईनमन, कोण कोणाला फिरवायलंय?

परत येताना सराटा रुततो.
मग मात्र रस्त्यातच बसतो,
पाय पुढं करतो, तोंड दुसरीकडं,
इंजेक्शन घेणाऱ्या लहान पोरासारखं.
मी चष्मा लावतो, चिमटा काढतो.
तेवढा वेळ त्याच्या अंगातली सगळी लाईन बंद.
गोचीड मी कानामागून काढतो,
बोटांच्या बेचक्यातून काढतो,
साबणाच्या पाण्यात टाकतो, मोजतो.
काल एकोणीस.
जनावरांच्या कॉलेजातली अर्शिया मॅडम म्हणते,
काका, मोजायची गरज नसते.
तिचा पहिल्या लशीला हात थरथरला होता,
यानं तिचा गाल चाटला
आणि सुई माझ्या बाहीत गेली.

फाल्गुनात खारीमागं धावला,
मी नालीत पडलो, गुडघा फुटला.
चंद्रकला हळद लावता लावता म्हणाली,
बास आता. शेतावर देऊन टाका कोणाला.
रविवारी बोरीहून गुणाजी आले, पिकअप घेऊन.
बैलासारखे दात पाहिले, पाठीवर थाप मारली,
चहा बशीत ओतून प्याले.
राखणीला झकास आहे, म्हणाले.
फुकटच म्हणता ना? हाव, मी म्हणालो.
पट्टासुद्धा हातात दिला.
निघताना उंबऱ्यात वळून त्यांनी सहज विचारलं,
खातो किती?

खरं तर तीन भाकरी.
सहा, मी म्हणालो.
गुणाजी थांबले.
सकाळी सहा, मी म्हणालो, संध्याकाळी सहा.
वर दूध. रविवारी मटण लागतं,
नाही मिळालं तर दार खातो.
डीपी माझ्याकडं पाहत होता, कान पाडून,
जशी काही त्याचीच बदनामी चाललीय
आणि त्याला ती मान्य आहे.

पिकअप मोकळीच गेली.
मी पट्टा परत खुंटीला लावला.
आतून बराच वेळ आवाज नाही.
मग चंद्रकलानं काठवट सरकवली
चुलीपासून थेट माझ्या पायापर्यंत.
बारा म्हणलाव ना?
बसा थापायला.

तीन बोटांची भाकरी गोल होत नाही.
त्याला चालते.