देखभालीचं दार

मेटगुताडच्या वर, जिथे रस्ता संपून
नुसता वारा उरतो, तिथे बावळेकरांनी
चौदा गुंठे उतार माझ्यापुढे पसरला.
म्हणाले, "उन्हाळ्यात पुण्या-मुंबईची कुटुंबं येतात,
दोन पॉइंट बघतात, मका खातात,
तिसऱ्या दिवशी पोरं खोलीत टीव्हीला चिकटतात.
इथे काहीतरी करून द्या.
कॅटलॉगात हत्ती आहे. प्लास्टिकचा. निळा."

मी कुपवाडचा. आमच्याकडे
चढ म्हणजे रेल्वेचा पूल.
शेडमध्ये लोखंड वाकवायची सवय;
डोंगर वाकत नाही, हे पहिल्याच फुटाला कळलं.
पहार जांभ्यावर आपटली, कोपरापर्यंत झिणझिण्या,
आणि खड्डा एवढासा,
चहाची किटली बसेल इतका.

मी हत्ती खोडला.
उतार होता तसाच ठेवला,
त्याच्या पाठीवर घसरगुंडी निजवली.
शिडी नाही, पडायला उंची नाही,
वर जायचं ते दगडांवरून, ज्याने त्याने आपल्या गुडघ्यांवर.
झोका जांभळीपासून तीन मीटर लांब,
म्हणजे सावली पोहोचेल, फांदी नाही.
बाक मात्र चार वेळा हलवला.
आईला पोर दिसलं पाहिजे,
आणि पोराला वाटलं पाहिजे की आई बघत नाहीय.
हे अंतर कुठल्या पुस्तकात नसतं.
फोन लावून बायकोला विचारलं,
"आपला निनाद सहा वर्षांचा होता तेव्हा
किती लांब गेला की तू उठायचीस?"
ती बराच वेळ गप्प.
"बावीस पावलं.
तेवीस झाली तरी उठले नव्हते, एकदा."
त्या तेविसाव्या पावलाचे टाके
अजून त्याच्या हनुवटीवर आहेत.
मी बावीस लिहिलं.

चाचणीला वाळूचं पोतं लागतं, पंचवीस किलोचं.
पोतं यायच्या आधी बनू आली,
राखणदार कोंडिबा ढेब्यांची, अनवाणी,
खताची रिकामी गोणी काखेत.
एकदा घसरली, आणि म्हणाली,
"हितं बुड चिकटतंय."
मी लेव्हल लावली. दीड अंश कमी.
पोत्याने हे सांगितलं नसतं.

आठवडाभर तिने सगळं तपासलं.
साखळीत बोट कुठे अडकतं,
कोणता दगड पायाला फसवतो.
दुपारी दोनला पत्र्यावर थुंकून पाहिलं,
चर्र झालं,
माझ्याकडे बघून नुसती हसली.
दुसऱ्या दिवशी मी वर छप्पर घातलं.

मग कुंपण आलं. नकाशात ते होतंच.
पाटी बावळेकरांनी साताऱ्याहून रंगवून आणली:
फक्त पाहुण्यांच्या मुलांसाठी.
वाईट माणूस नाही. बनूच्या वह्या तेच घेतात.
पण पाटी ती पाटी,
आणि बनूला वाचता येतं.

रात्री खोलीत नकाशा उघडला.
खालच्या अंगाला, ढेब्यांच्या घराकडे,
पेन्सिलीची एक चौकट काढली, शेजारी लिहिलं:
देखभालीचं दार. रुंदी दीड फूट, उंची साडेतीन.

बावळेकर म्हणाले, "एवढंसं? यातून माणूस कसा जायचा?"
"माणूस नाही जायचा.
ग्रीसचा डबा जाईल, पाने जातील."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
पाहायला लागतं त्यापेक्षा जरा जास्त वेळ.
मग सही केली.

जूनच्या आधी आम्ही सगळं खोलून ठेवतो.
इथला पाऊस लोखंड खातो;
घरंसुद्धा गवताच्या झडी पांघरून बसतात.
बोल्ट एका डब्यात, साखळ्या पोत्यात,
झोक्याची फळी जुन्या चादरीत.
यंदाच्या यादीत लिहिलंय:
झोका ठीक.
घसरगुंडी ठीक, मधला भाग आरशासारखा.
बाकाखाली च्युइंगम, एक बाळाचा मोजा.
मोठं फाटक, बिजागऱ्या नव्यासारख्या.
देखभालीचं दार, बिजागरी पार झिजलेली.
मार्चमध्ये दोन जास्तीच्या आणणे.