गेज

सातपूरला दुसऱ्या पाळीत
माझ्या टेबलावर ब्रेकच्या पिना येतात.
गेजमधून गेली तर गेली, नाही तर नाही.
एवढंच माझं काम.

काल चाळीस अडकल्या.
वाघचौरे साहेब म्हणाले, "केसाएवढा फरक, एस्तेर,
खाली ट्रक थांबलाय, मार शिक्का."
मग हसून, "तुम्ही लोक फारच धार्मिक बुवा."

धार्मिक?
तीन रविवार मी उपासनेला गेले नाही.
शरणपूरच्या देवळात आमच्या बाकावर
आता ओहोळांची मुलं बसतात,
आणि पाळकांचा फोन मी उचलत नाही.

शिक्का हातात घेतला. खरं सांगते, घेतला.
शाई ओली होती.
मनात प्रार्थना वगैरे काही आली नाही,
आला कसारा घाट,
सहलीची भरलेली बस,
आणि ड्रायव्हरचा दाबलेला पाय.

लाल डब्यात टाकल्या,
एकेकीचा आवाज झाला.
साहेब काही बोलले नाहीत.
आज यादीत माझं नाव रात्रपाळीला,
म्हणजे रविवारी सकाळी सातला सुटेन.

उपासना साडेआठला.
घरी जाऊन अंघोळीला वेळ नाही,
अंगाला कूलंटचा वास येईल.

येऊ दे.