सतरा सक

'पाणंद' साप्ताहिक, निपाणी. पानं चार.
मालक, संपादक, वर्गणी मागणारा आणि घड्या घालणारा
एकच: तवनाप्पा मगदूम.
कंपोझला माझा बाप. खिळ्यांत 'ळ' कायम कमी,
म्हणून तळमळ, कळवळा असले शब्द
आमच्याकडं जपून.

त्या जूननंतर दर बुधवारी ओली प्रुफं घेऊन
मी बेळगावची बस धरायचो. तेरा वर्षांचा.
तवंदीच्या घाटात गाडी धापा टाकायची
आणि अग्रलेख माझ्या चड्डीवर उमटायचा.

कचेरीत हिरेमठ साहेब. आजोळ जतचं, मराठी चांगलं.
"काय छापूलालाय रे तुमचा मालक?" म्हणत
लाल पेन्सिल चालवायचे.
एकदा एका मयताची बातमी खोडली,
दम्यानं गेलेला म्हातारा,
नावामागं स्वातंत्र्यसैनिक होतं म्हणून.
एकदा खोडायच्या आधी चहा पाजला.
मग खोडलंच.

जागा कोरी सोडायची नाही, असा वरून हुकूम.
कोरं तर अडाण्यालाही वाचता येतं.
मगदूम म्हणाले, पाढे भर.
बारकी बातमी गेली तर बाराचा,
मोठी गेली तर एकोणतीसचा.
कुणाला हिंडलग्याला नेलं
त्या आठवड्यात औटकी.

विडीच्या शेडमध्ये चौथी शिकलेली गंगव्वा वाचायची.
पाढा आला की पानं कातरणाऱ्या कात्र्या थांबायच्या.
"केवढा हाय गं?"
"पार खालपर्यंत."
मग अंदाज, कुणाची चूल आज पेटली नसेल.
अंदाज कधी खोटा निघायचा,
कधी खराच कमी पडायचा.

थंडीत मगदूमांनाच नेलं.
बापानं औटकी जुळवली, न बोलता, दोन्ही रकाने भरून.
अंक निघाला. मशीनला सील.

सव्वा वर्षानं परत सुरू झालं
तेव्हा काहीही छापता येत होतं.
खप निम्म्यावर आला.
गंगव्वानं मगदूमांना रस्त्यात गाठून विचारलं,
"पाढं का बंद केलासा?"

एक प्रूफ माझ्याकडं अजून आहे.
सतराचा पाढा, मीच जुळवलेला, घाईत:
सतरा सक शंभर.
शंभरावर लाल काट. शेजारी,
शाळामास्तराच्या वळणाचं,
बिदोन.
खाली शिक्का, थोडा तिरका:
मंजूर.