टीम तिकडं, आम्ही इकडं

पीआय साहेबांनी विचारलं, कोणता पक्ष?
म्हणलं, पक्ष नाही साहेब, क्लब. फुटबॉलचा.
मग टीम कुठाय तुमची?
टीम तिकडं आहे, विलायतेत. आम्ही नुसते इकडं आहोत.
साहेबांनी वहीत 'नुसते' एवढंच लिहिलं
आणि खाली एकेकाचं नाव, आधार नंबर.

थॉर्नबी युनायटेड समर्थक मंडळ, जालना.
सभासद चौदा, पैकी दोघं सौदीला.
कार्यालय : इर्शादचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान,
रात्री साडेबाराला, शटर अर्धं पाडून.

सुरुवात मफलरीनं झाली.
मिशन दवाखान्यात थॉर्नबीचा एक डॉक्टर होता,
जाताना कंपाउंडर खरातला गळ्यातली देऊन गेला,
काळी-पिवळी, लोकरीची.
खरात आयुष्यभर त्या मफलरीचा संघ शोधत राहिला.
सापडला तेव्हा तो तिसऱ्या डिव्हिजनात होता.
विल्सननं बापाकडून एवढीच इस्टेट घेतली :
एक मफलर, आणि दर शनिवारी हरायची सवय.

आता तिथला ड्यूक येतोय, दवाखान्याच्या नव्या इमारतीला.
त्याच्या नावापुढं छापलेल्या पदव्यांत
अकराव्या ओळीला आमचा क्लब आहे. आश्रयदाता.
मामा चौकात आम्हाला जागा मिळाली बावीस फूट,
स्टील मिलवाल्यांच्या कमानीपासून बँडवाल्यांच्या टेम्पोपर्यंत.

ऊन त्रेचाळीसवर, आणि सुलोचनाबाई लोकर विणायल्यात.
बारा मफलरी. घामानं सुई सटकते म्हणून
बोटांना पावडर लावून विणायल्यात.
भुजंग पेंटरनं बॅनरवर लिहिलं 'थोरनबी'.
चुकलं म्हणलं, तर म्हणे, थोर आहे ना? मग?
आम्ही ते तसंच ठेवलं.
तसंही आपल्याला थोर कोण म्हणणार.

कलेक्टर ऑफिसचं पत्र आलं :
हात पुढे करू नये. फुलं फेकू नयेत.
थांबलेच, तर एक प्रश्न. लेखी. तीन प्रतींत.

त्या एका प्रश्नावर तीन बैठका झाल्या.
काबराशेटला विचारायचं होतं,
जानेवारीत डावा विंगर विकला कामून, आणि किती टक्क्यानं.
इर्शाद म्हणाला, पूछो भई,
गेंद पीछे कायकू देते हमेशा?
मग रेश्मा सिस्टरनं, आमच्यात एकटीच
जिला ऑफसाइड दुसऱ्याला समजावता येतो,
बिलाच्या पाठीवर लिहिलं :
'मैदानाला पाणी किती दिवसाआड सोडतात?'

टीव्ही बंदच होता. तरी सगळ्यांनी तिकडं पाहिलं.
कुणी हसलं नाही.
आमच्याकडं तेव्हा बारावा दिवस चालू होता.
काबराशेटनं तिन्ही प्रतींवर सही केली, तारीख टाकली.

आदल्या रात्री शेवटची मॅच.
बरोबरी झाली तरी घसरणार, जिंकलं तर टिकणार.
एक्क्याऐंशीव्या मिनिटाला शून्य-शून्य,
त्यांच्या गवतावर फवारा धरल्यासारखा बारीक पाऊस,
आणि कादराबादेच्या गल्लीतून आरोळी आली,
नळ आले!
उठले सगळे. विल्सनसुद्धा. मीसुद्धा.
चप्पल कुणाची कुणाच्या पायात.
इर्शाद तेवढा बसून राहिला,
त्याच्या मोहल्ल्याला पाणी गुरुवारी.

हौद भरेपर्यंत पहाटेचे तीन.
मधेच फोन वाजला होता, खांद्यानं कानाला धरला,
इर्शाद ओरडत होता, मार दिये! मार दिये!
कुणी कुणाला, ते मोटारीच्या आवाजात ऐकू आलं नाही.

सकाळी सहाला बावीस फुटांत बाराजण,
नव्या मफलरी, हाताला पाइपाच्या रबराचा वास.
रेश्माच्या पर्समध्ये तीन प्रती.
इर्शाद रांगेच्या टोकाला, मफलर नाकापर्यंत ओढून.
त्याला कुणी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.
शिपायानं शिट्टी फुंकली,
आणि आम्ही सगळे, सवयीनं,
घड्याळाकडं बघितलं.